व्हय म्हाराजा!

आमच्या घराण्यात 'होय' म्हणायची पद्धत नाही.

आजोबांनी स्वतःच्या लग्नात 'सावधान'ला हरकत घेतली होती. वडिलांचा निम्मा संसार ठिय्यात आणि उरलेला उपोषणात गेला. मी तर तहसील कचेरीच्या पायरीवर, आईचा मोर्चा चालू असतानाच जन्मलो. माझं पहिलं रडणं लोकांना घोषणा वाटली आणि चारशे जण ओरडले, "झालंच पाहिजे!" (मी तोवर झालो होतो.)

असा मी जन्मजात विरोधक, चारदा पडून पाचव्यांदा ग्रामपंचायतीत पोचलो. तेव्हाच सरपंच दाजींनी ठराव आणला: किनाऱ्यावर जाणारी रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याची, वाट बंद करून ती जागा हॉटेलवाल्याला द्यायची. वाट गेली की जाळं नेणार कुठून? ओढणार कोण? अर्धी वाडी उपाशी!

मी चौदा पानी भाषण लिहिलं. त्यात चाळीस वेळा 'नाही' होतं. आईने ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "तोंड सांभाळ रे बाबा."

ग्रामसभेला सगळा गाव लोटला. मी पानं जुळवतोय तोच दाजी नारळ घेऊन उठले.

"आधी देवाक गाऱ्हाणा घालूया. बा देवा म्हाराजा, गावाचा भला कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा गाव. आमच्याकडे गाऱ्हाण्याला गप्प बसणारा माणूस अजून जन्मायचाय.

"पोराटोरांक सुखी ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"हॉटेलवाल्यांक रापणीची वाट मिळानदे, तेंचा काम पार पडानदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!!"

सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. पोटातून आलेला!

ग्रामसेवकांनी लगेच लिहिलं, 'ठराव एकमताने मंजूर.' मी चौदा पानं फडकावली. "थांबा! माझा विरोध आहे!"

दाजी गोड हसले. "आताच तर देवासमोर व्हय म्हणालंस. देवाक फसवतंस काय?"

मी चौदा पानांची घडी घातली. तेवढ्यात बायकांतून आई उठली. पंचाहत्तर वर्षांची, हातात दाजींचाच नारळ!

"काकी, इतिवृत्त लिहून झालंय," ग्रामसेवक म्हणाले.

"मगे पेन उघडा ठेवा. गाऱ्हाणा अर्धा ऱ्हवला." तिने डोळे मिटले. "बा देवा म्हाराजा, लेकान अकलेशिवाय तोंड उघडल्यान, तेका माफ कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" (यातही मी होतो.)

"रापणीची वाट जल्मभर उघडी ऱ्हवानदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जो कोण ती अडवीत, तेच्या ताटात जल्मात बांगडो पडाचो नाय असा कर रे म्हाराजा!"

बांगडा! त्याशिवाय घास न उतरणाऱ्या दाजींचा चेहरा पडला. पण गाव बघत होता, देव ऐकत होता. त्यांचे हात आपोआप कपाळाला गेले.

"व्हय... म्हाराजा..." दाजी पुटपुटले.

"लिवा!" आई ग्रामसेवकांवर कडाडली.

वाट आजही उघडी आहे. आजही पहाटे तिथून जाळं जातं. इतिवृत्तही जपून ठेवलंय. वाट बंद करण्याच्या ठरावाला विरोधी सदस्याचं अनुमोदन, आणि खालोखाल ती बंद न करण्याच्या ठरावालाही त्याच सदस्याचं अनुमोदन!

घरी येताना आई म्हणाली, "तीन पिढ्यांत आपल्या घरात व्हय म्हणणारो कोण नव्हतो. तू म्हणालंस, ता पण दोनी बाजूंक!"

"व्हय," मी म्हणालो.