कोहळ्याची पहिली चीर

शेजारची बाई घरातच पार्लर चालवते. दर रविवारी ती अख्खं कोहळं, म्हणजे लाल भोपळा, घेऊन माझ्या दारात यायची. पहिली चीर पुरुषानंच पाडावी, बाईनं पाडली तर अपशकुन, अशी आमच्याकडे रीत. तिचा नवरा घरीच असायचा. पण ती म्हणायची, "त्याईले उठवण्यापेक्षा तुमचं दार बरं, काकाजी." मग गर वाफवून, दह्यात घोटून दिवसभर बायकांच्या चेहऱ्यांना लावायची. तिच्या डोळ्यांखाली मात्र काळी वर्तुळं.

या रविवारी ती आली नाही, म्हणून सुरी घेऊन मीच गेलो. ओट्यावर कोहळं चिरलेलं होतं. ती गिऱ्हाइकाच्या खुर्चीत रेलली होती, चेहऱ्यावर केशरी लेप.

"कोणी कापलं वं?"

"मीच. काहीच नाही झालं, काकाजी."

तिचे डोळे मिटलेलेच होते, तरी मी सुरी पाठीमागे लपवली.