नर्सबाईंचं पुस्तक

नर्सबाईंचं ‘न्हाय’ कुणी दुरुस्त करायला गेलं, की पुढचं ‘न्हाय’ त्या आणखी ठासून म्हणत. वैरागजवळच्या खेड्यांत आयुष्यभर बाळंतपणं करून त्या निवृत्त झाल्या आणि सोलापुरात लेकीकडे राहायला आल्या. सोबत चार वह्या होत्या. ज्या बायांची बाळंतपणं केली त्यांच्या हकिकती, त्यांच्याच बोलीत लिहिलेल्या.

सोलापुरातच, भवानी पेठेतल्या एका छापखान्यात मी टायपिंग करते. वह्या टाइप करायला माझ्याकडे आल्या. पहिली दहा पानं मी भाषा शुद्ध करून दिली. वाटलं, बाई खूश होतील. त्यांनी वाचली आणि चष्मा काढला. “ही कोन बाई बोलतीया? माज्या पुस्तकात हिला मी घेतलीच न्हवती.” दहाही पानं मी पुन्हा केली.

पुण्याच्या एका प्रकाशकाला पुस्तक आवडलं. फक्त भाषा प्रमाण करा, असं त्यांनी कळवलं. त्याच पत्रामागे ‘न्हाय’ एवढंच लिहून बाईंनी ते परत धाडलं. दुसरे एक प्रकाशक म्हणाले, निम्म्या प्रती लेखिकेनंच घ्याव्यात. “लिवायचं मी, आन् इकत बी मीच घ्यायचं?” लेक म्हणाली, “आई, नेटवर टाकू. कुणाला विचारायलाच नको.” हे मात्र त्यांना पटलं. दोन दिवस विचार करून तेही त्यांनी सोडलं. “बायांचा फोन नवऱ्याच्या हातात असतोय. पुस्तक कसं, पिठाच्या डब्यामागं ठेवता येतंय.”

शेवटी त्या आमच्या मालकांसमोर येऊन बसल्या.

“बाई, आमी लग्नपत्रिका छापतो, पुस्तकं न्हाय.”

“दोन्हीला कागदच लागतोय की!”

पुस्तक निघालं. समारंभ नाही, पाहुणे नाहीत. वैरागच्या बाजारात मेथीवाल्यांच्या रांगेत गोणपाट अंथरून बाई स्वतः विकायला बसल्या. त्या मोठ्यानं वाचायच्या आणि भाजीला आलेल्या बाया तिथंच टेकून ऐकायच्या.

गेल्या वर्षी बाई गेल्या. दहाव्याला वैरागकडची एक म्हातारी आली, पदराखाली पुस्तक घेऊन. तिला वाचता येत नव्हतं. “माजं पान कुटलं हाय?” तिनं विचारलं. नाव विचारून मी पान काढलं आणि मोठ्यानं वाचलं. पाचवी मुलगी झाली म्हणून सासूनं पाठ फिरवली, तेव्हा खाटेवरून ती म्हणाली होती, “फिरवा पाठ. पोरगी माजी हाय, मी न्हाय फिरवनार.”

म्हातारीनं मान ताठ केली. जमलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “व्हय. असंच म्हनले व्हते मी.”