शेवटचा आकडा

आईच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा मी नगरला एम.एस्सी. फिजिक्स करत होते. तपासणीसाठी ती जामखेडहून एसटीने आली. डॉक्टरांची वेळ दुपारची होती, म्हणून तिला आमच्या प्रयोगशाळेत नेलं. मी तिथं नेमकं काय करते, हे ती दोन वर्षं विचारत होती आणि मला धड सांगता येत नव्हतं.

लेझरच्या किरणाकडे बघायचं नाही, असं बजावून तिला लांब, कॉम्प्युटरसमोर बसवलं. प्रयोगासाठी मी दादांचा, माझ्या वडिलांचा, फोटो घेतला होता. दादा जाऊन सहा वर्षं झाली होती. फोटो एवढा एकच: उसाच्या गाडीपाशी, टोपी घालून उभे.

लेझरचा उजेड फोटोच्या पारदर्शक प्रतीतून, भिंगांतून आणि एका बारीक पडद्यातून जातो. त्या पडद्यावरची नक्षी पंधरा आकड्यांच्या एका संख्येवर तेच गणित हजारो वेळा करून तयार होते. पलीकडच्या कॅमेऱ्यात फोटो उतरतो तो नुसते ठिपके होऊन. तीच संख्या दिली, की कॉम्प्युटर फोटो परत उभा करतो.

मी संख्या दिली. फोटो आला नाही, नुसते ठिपकेच दिसत राहिले. वही तपासली, तर शेवटचा सात मी एक वाचला होता.

आई म्हणाली, एकच आकडा चुकला तर थोडं तरी दिसायला पाहिजे होतं. मी सांगितलं, हे गणितच तसं आहे. बरोबर आणि चुकलेली, दोन्ही संख्या थोडा वेळ जोडीनं चालतात, मग एकमेकींना ओळखही देत नाहीत.

सात टाकला. दादा समोर आले.

आईने विचारलं, "मगाशी ते कुठं हुते?"

"त्या ठिपक्यांतच."

"समदे?"

"समदे. टोपीच्या सुरकुत्यासुद्धा."

तिने ठिपके पुन्हा दाखवायला सांगितले. काळा चष्मा कपाळावर सरकवून ती पुढे वाकली आणि फोटोपेक्षा जास्त वेळ त्या ठिपक्यांकडे बघत राहिली. मीही बघत होते. दोन वर्षं हे गणित मी परीक्षेसाठी केलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्यापुढे हात जोडावेसे वाटले.

डॉक्टरांकडे आम्ही उशिरा पोचलो. रिक्षात ती एवढंच म्हणाली, "लई मोठं काम हाय तुजं."