मांजर आडवं गेलं नव्हतं, मी घातलं होतं

"गोल बाजारच्या मागच्या गल्लीत मांजर आडवं गेलं, सगळा रस्ता थबकला, आणि हे काकाजी एकटे बेधडक पुढे गेले. म्हणून माझी मुलगी इंटरव्यूला वेळेवर पोहोचली," असं आमच्या शेजारणीने माझ्याकडे बोट दाखवत बुद्धविहारातल्या बैठकीत माइकवरून सांगितलं. टाळ्या पडल्या. अंधश्रद्धेला न जुमानल्याबद्दल मला शाल घातली गेली. मी मान खाली घालून बसलो होतो आणि लोकांना तो विनय वाटला.

ती शरम होती. त्या पोरीचा इंटरव्यू मी वाचवला नाही, मी तो बुडवत होतो.

झालं असं की नातीने मला नवा फोन दिला आणि फिरायला जाशील तिथला रोज एक फोटो पाठव म्हणाली. आठवड्याभरातच तिचा फोन आला, "आजोबा, ये क्या है? रोज खंबा?" मी रेल्वेत सिग्नलच्या कामावर आयुष्य काढलं. मला खांब सुंदर दिसतात. पण तिला जिवंत काहीतरी हवं होतं.

त्या सकाळी ते सापडलं. गल्लीतली भांड्यांची दुकानं उघडत होती, आणि एका पायरीवर पांढरंशुभ्र मांजर बसलं होतं, नाक तेवढं काळं, शाईच्या दौतीत बुडवल्यासारखं. मी उकिडवा बसलो. फोन डोळ्यासमोर धरला. मांजर उठलं आणि समोरच्या फुटपाथवर जाऊन बसलं. फोटोत शेपूट आलं.

माझ्या खिशात चहाबरोबर घेतलेली बिस्किटं होती. एक तुकडा इकडे टाकला, "ये, ये बाई." ती आली. पुन्हा शेपूट. तुकडा तिकडे फेकला, म्हटलं उन्हात बरं दिसेल. ती तिकडे गेली. नाक आलं, पण हललेलं. मला असा काही चेव चढला की मी हसतच सुटलो. या वयात, भर बाजारात, रस्त्यावर बसून, मांजराला लाडीगोडी लावून राहिलो होतो, आणि पोटात गुदगुल्या होत होत्या.

मागे ब्रेक वाजत होते. ते मी ऐकत होतो, पण मला वाटलं लोक म्हाताऱ्याला सांभाळून घेताहेत.

"भैया, आप निकलो ना."

"मैं काहे निकलूँ? घर में शादी है मेरे. आप निकलो."

"ए दूधवाले, तू जा!"

"हव, सबके लिए मैं ही मिला हूँ!"

आमच्याकडे हे असंच. मांजर आडवं गेलं की थांबायचं, दुसऱ्या कुणीतरी ती रेघ ओलांडली की आपण निघायचं. तो दुसरा मिळेपर्यंत सगळे एकमेकांना फार आदराने वाट देतात. आणि कुणी हिंमत करून एक्सिलेटर पिळला की माझं बिस्किट उडायचं आणि मांजर पुन्हा आडवं.

त्या गर्दीत, हे मला मागाहून कळलं, शेजारणीची मुलगी स्कूटीवर होती. शहराबाहेर उरल्याकडच्या कारखान्यात तिचा पहिला इंटरव्यू. मागे आई.

"मम्मी, चाबी दो! लेट हो रहा है!"

"थांब ना वं पोट्टी. कोणीतरी पुढे जाऊ दे."

"आप तो मानती नहीं ये सब!"

"नाहीच मानत मी. पन आजच्या दिवस नको."

तेवढ्यात मांजर पलीकडे पातेल्यांच्या चळतीवर चढलं आणि सरळ माझ्याकडे बघायला लागलं. मी फोन डोळ्याला लावूनच उठलो आणि वाकून, एकेक पाय टाकत, रस्ता ओलांडला. मागे एकदम सगळ्या गाड्या सुरू झाल्या. "थैंक यू दादाजी!" असं ओरडत ती पोरगी गेली. मला वाटलं, फोटोबद्दल म्हणते.

फोटो खरंच झकास आला.

पोरीला नोकरी लागली. शालही आली. बायकोने मात्र फोन चाळता चाळता विचारलं, "अहो, हे मांजर इकडून तिकडे एवढं कोणी फिरवलं?" मी सांगितलं. ती इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. मग डोळे पुसून म्हणाली, "आधी त्या पोरीले सांगा."

मी फोन घेऊन शेजारी गेलो. सगळं सांगून म्हटलं, "बेटा, तुझी नोकरी माझ्या बिस्किटापायी जात होती." ती फोटो बघत होती. एका फोटोवर थांबली, मोठा केला आणि किंचाळली. शेपटाच्या मागे तिची आई उभी होती, स्कूटीची चाबी उंच धरून, पोरीचा हात पोहोचू नये म्हणून.

विहारात शेजारणीने सांगितलं होतं की आम्ही बिचाऱ्या गर्दीत अडकलो होतो.

"काकाजी," शेजारीण मागून हळूच म्हणाली, "हा तेवढा मिटवून टाका."

"मले येत नाही मिटवता," मी म्हणालो, आणि ते खरं होतं.

"मुझे आता है," पोरगी म्हणाली, "पर नहीं करूँगी."

पुढच्या रविवारी विहारात मी माइकपुढे उभा राहिलो आणि बिस्किटांसकट सगळं सांगितलं. मग मागच्या रांगेतले एक निवृत्त मास्तर उठले. परीक्षेच्या दिवशी आपणही कसे एका मांजरापायी चौकात ताटकळलो ते त्यांनी सांगितलं. कुणीतरी फिसकन हसलं. मग एक बाई उठल्या, त्यांचं मांजर भनपुरीच्या नाक्यावरचं होतं. मग तर ज्याचं त्याचं मांजर बाहेर पडायला लागलं आणि शांत बसा म्हणणाऱ्या अध्यक्षांनाच हसू आवरेना.

शेजारीण पदर खोचून माझ्याकडे आली. "सरका काकाजी," ती म्हणाली आणि माइक हातात घेतला.