धर्माजी सरांच्या नावाचा चषक

महाळुंगे पडवळच्या जत्रेतला कबड्डीचा चषक यंदापासून कुणाच्या नावानं द्यायचा, यावर दुपारपासून देवळाच्या सभामंडपात जुंपली होती. एका बाजूला धर्माजी सरांची पोरं, दुसऱ्या बाजूला ज्ञानेश्वर सरांची. पोरं म्हणायचं आपलं. सगळ्यांची पोटं सुटलेली, कुणाला नातवंडं झालेली. दोघंही सर तालुक्याच्या कॉलेजात कबड्डी शिकवून गेले आणि दोघंही वारले. मेलेल्या माणसाची बाजू घेऊन भांडायला बरं पडतं, तो मधे तोंड घालत नाही.

बहिरू खांबाला टेकून बसला होता. तो डोंगरातल्या घाटघरचा, पहाटेच्या एसटीनं आलेला. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला नारायणगावला जायचं आणि उरलेले दिवस अंथरुणावर काढायचे, एवढंच त्याच्या हाती राहिलं होतं. तरी आला, कारण संपतचा फोन आला होता. संपत म्हणजे धर्माजी सरांच्या संघाचा तेव्हाचा कॅप्टन, आता बागायतदार. "तू नुसता बस. तुला बघितलं की त्यांची तोंडं बंद व्हत्यात," असं तो म्हणाला होता.

गोष्ट शहाण्णव सालची. उन्हाळ्यातली स्पर्धा, पंचावन्न किलोचा गट, आणि बहिरू आठशे ग्रॅमनं जास्त. धर्माजी सरांनी त्याला घोंगडी पांघरून भर दुपारी मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. दोन दिवस पाणी बंद. रांजणापाशी संपतला बसवलं. बहिरूनं एकदा तांब्याला हात घातला, तर संपतनं तो हात झटकून टाकला. तिसऱ्या दिवशी सकाळी वजन पंचावन्नात बसलं. संध्याकाळी बहिरूनं शेवटच्या चढाईत दोन गडी मारून अंतिम सामना काढून दिला आणि मध्यरेषेवरच कोसळला. लघवी काळ्या चहासारखी होत होती. तीन आठवडे दवाखान्यात काढले. सर एकदा आले, पाठ थोपटून गेले.

ती थाप बहिरूनं अठ्ठावीस वर्षं जपली. दोन वर्षांपूर्वी किडन्या गेल्या, तेव्हा डॉक्टर म्हणाले, हे दुखणं त्याच वेळचं असणार. बायको सखूबाई सरांना शिव्या द्यायला लागली, तर यानं जेवणाचं ताट तिच्या अंगावर भिरकावलं. एरवी तिच्यावर कधी आवाज न चढवणारा माणूस. पण आपलं शरीर कशापायी गेलं, याला माणसाला काहीतरी उत्तर लागतं. बहिरूपाशी सर होते. दुसरं काही नव्हतं.

सभामंडपात संपत आता रंगात आला होता. "तुमच्या ज्ञानेश्वर सरांनी काय केलं? पोरांना अंडी खायला घातली आन् हरून घरी आणली! आमच्या सरांच्या शब्दावर ह्या गड्यानं दोन दिस पाणी सोडलं. हाय का तुमच्यात असा एक?"

सगळ्यांनी वळून बहिरूकडं पाहिलं. त्यालाही बरं वाटलं. तो जरा ताठ बसला.

तेव्हा गेणभाऊ उठले. त्या स्पर्धेत ते पंच होते, वजनकाट्यावर तेच बसले होते. "संपतराव, आता सांगतोच. त्या साली एका किलोची सूट व्हती. छप्पनपर्यंत चालत व्हतं. पोरगं व्हतं तसं बसत व्हतं. धर्माजीला मी दोन दिस आधीच सांगितलं व्हतं, माझ्या तोंडानं."

बहिरू संपतकडं बघत राहिला. खोटं आहे म्हण, एवढंच त्याला संपतकडून हवं होतं.

संपत मोठ्यानं हसला. "आवो, मला बी ठाव व्हतं की! सर म्हनले, सांगू नगं. डोंगरातलं पोरगं हाय, कुठवर ऐकतंय ते बघू. ह्याला म्हंत्यात कोच! सूट असून बी सूट दिली न्हाई!"

"वा!" मागून कुणीतरी म्हणालं. "लई कडक मानूस." दोघातिघांनी टाळ्याही वाजवल्या. गेणभाऊंनी कपाळाला हात लावला आणि खाली बसले. ज्या गोष्टीची लाज वाटावी म्हणून त्यांनी ती बाहेर काढली, तिचीच आरती सुरू झाली होती.

बहिरूला सरांचा चेहरा आठवू लागला, पाठ थोपटतानाचा, आणि त्या चेहऱ्यावर आता त्याला गंमत दिसत होती. याच गमतीसाठी त्यानं सखूबाईच्या अंगावर ताट फेकलं होतं.

हात वर करून मतं घ्यायचं ठरलं. ज्ञानेश्वर सरांना अठरा पडली. धर्माजी सरांचे हात संपतनं मोजले, तेही अठरा. पुन्हा मोजले, अठराच. मग त्याची नजर खांबाकडं गेली.

"आरं बहिरू, झोपला का काय? तुझा हात तर पयला पायजे!"

बहिरूनं हात मांडीखाली दाबून धरला. "नाय," तो म्हणाला, पण ते त्याच्यापुरतंच राहिलं.

संपत हसत हसत आला, त्याचं मनगट धरून हात बाहेर ओढला आणि वर केला. सोडवून घ्यायला बहिरूच्या अंगात जोर नव्हता.

"एकोणीस," संपत म्हणाला.