समक्ष

सुमनअक्का नसत्या तर मी सही करून बसलो असतो. त्या आमच्या फुटबॉल संघाचा स्वयंपाक करतात, मी कपडे धुतो. गोलकीपरवर एका मुलीला मारहाण केल्याचा गुन्हा दाखल झालाय. सकाळी तारेवरच्या त्याच्या जर्सीला हात लावायलाही मला भीती वाटली. तेवढ्यात मॅनेजर कागद घेऊन आले. "कर सही, सगळ्यांनी केलीय."

मी सातवीतच शाळा सोडलेली, कागदावरची भाषा कळेना. अक्कांनी पिठाच्या हातानंच कागद घेतला. "त्या संध्याकाळी तो माझ्यासमक्ष मैदानात होता, असं लिहिलंय. समक्ष म्हणजे तुझ्या डोळ्यांदेखत. होता का रे?"

नव्हता. एवढ्याशा शब्दानं ती मुलगी खोटी ठरली असती.

सही केली नाही. आता काम गेलं तर या परक्या गावात जाऊ कुठं? पण अक्का, कधी तुमच्यावर वेळ आलीच, तर खरं सांगायला मी उभा राहीन.