भोवऱ्याचं माप

आमची कंपनी लहान मुलांचे बूट विकते. दुकानं पाच-सहा, आणि त्या सगळ्यांचं जे काही लिहायचं असतं ते गोदामाच्या माळ्यावरच्या एका खोलीत लिहिलं जातं. खोलीला रबराचा आणि नव्या खोक्यांचा वास येतो. घरी गेले तरी तो माझ्या केसांतून जात नाही. या खोलीत मी चित्रं करते, यादीवाला ग्राहकांची यादी सांभाळतो आणि ताई लिहिते. मालक तिच्याहून चांगले पंधरा वर्षांनी मोठे, पण तेही तिला ताईच म्हणतात. माझ्या जिभेला हाड नाही असं ऑफिसात म्हणतात, आणि ते काही खोटं नाही. पण ताईच्या बाबतीत मी कितीतरी वर्षं गप्प बसले, आणि गप्प बसणं मला किती जड जातं हे ऑफिसला ठाऊक आहे.

लिहून देणारं एआय आमच्याकडे आलं तेव्हा मालकांना वाटलं, आता स्वर्ग दोन बोटं उरला. त्यांनी स्वतःच त्याला फर्मावलं, ‘बुटांबद्दल एक छान मेसेज लिही.’ त्याने लिहिलं, ‘आपल्या चिमुकल्यांच्या इवल्याशा पावलांचा स्वप्नवत प्रवास आमच्यासोबत सुरू करा!’ मालक खूश. लगेच सगळ्या आयांना धाडलं. एका आईचं उत्तर आलं, ‘प्रवास राहू द्या, डाव्या बुटाची शिवण उसवलीय ती कधी बघताय?’ दुसऱ्या दिवशी मालकांनी सगळा कारभार मुकाट्याने ताईच्या हाती दिला.

ताईने त्याला वळण लावलं. यादीवाला ‘प्रॉम्प्ट’ म्हणतो, ताई ‘साचा’ म्हणायची. रोज उठून नव्याने सांगत बसायचं नाही. एकदाच नीट विचार करून सूचना लिहायच्या, जे दर वेळी बदलतं तिथे रिकामी जागा सोडायची, आणि मग कुणीही तो साचा उघडावा, नाव, वय, माप, दुकान भरावं आणि कामाला लागावं. तिचा ‘पाऊल वाढलं’ नावाचा साचा मला अजून पाठ आहे: ‘तू मुलं वाढवलेली बाई आहेस. वाचणारी आई घाईत आहे. तीन वाक्यांच्या पुढे जाऊ नकोस. मुलाचं नाव एकदाच घे. इवलंसं, चिमुकलं, स्वप्न हे शब्द वापरू नकोस. पाय वाकडे होतील वगैरे सांगून आईला घाबरवू नकोस. बूट घ्याच असं म्हणू नकोस, माप घ्यायला या म्हण.’ माल उशिरा आला त्याचा एक साचा, तक्रारीच्या उत्तराचा एक, दुकान बंद असल्याचा एक. सगळे एका सामाईक फोल्डरमध्ये, त्याला आम्ही पेटी म्हणायचो. दुकानातल्या मुलीसुद्धा पेटी उघडून दोन मिनिटांत मेसेज करायच्या आणि तो ताईने लिहिल्यासारखा व्हायचा.

पेटीत साचा टाकण्याआधी एक नियम होता. तो आधी खोट्या ग्राहकावर चालवायचा, आलेला मेसेज फोनवर बघायचा आणि मोठ्याने वाचायचा. आमच्या धंद्यात ही रीतच आहे. लोकांच्या घरी पाठवण्याआधी आपल्या घरी पाठवून बघायचं. म्हणून यादीतली पहिली नोंद लिहिणाऱ्याच्या घरची असते.

यादी सुरू झाली तेव्हा ताईने आपल्या मुलाची नोंद घातली. आईचा नंबर तिचा, वडिलांचा नंबर तिच्या नवऱ्याचा, जन्मतारीख खरी. नाव मात्र शाळेतलं नाही, घरातलं घातलं: भोवरा. एका जागी उभा म्हणून राहायचा नाही. त्याचा पाय मोजायचा तर एकाने दंड धरायचा, दुसऱ्याने घोटा. ऑफिसात आला की एका पायात लाल, दुसऱ्यात निळा बूट घालून खोक्यांमधून पळत सुटायचा आणि मी त्याच्यामागे ओरडत. पोरगं महाबिलंदर होतं. मला फार आवडायचं.

पुढच्या वर्षी तो गेला. ताप आला, आणि सगळे म्हणाले साधा आहे. सहा वर्षांचा होता.

ताई काही दिवसांनी कामावर आली. नोंद मात्र तशीच राहिली. यादीला ताप कळत नाही, जन्मतारीख कळते. दर चार महिन्यांनी यादी मुलांचं वय बघून माप वाढवते आणि आई-वडिलांना मेसेज जातो. ताईचा फोन टेबलावर वाजायचा: ‘भोवरा आता आठ वर्षांचा झाला. मागचे बूट पुढून आवळत असतील. माप घ्यायला त्याला घेऊन या.’ ती वाचायची, फोन पालथा ठेवायची आणि हातातलं काम पुढे चालू.

मला वाटायचं, नोंद काढायला तिचा हात धजत नसेल. एकदा मागून गेले तर तिने भोवऱ्याची नोंद उघडलेली, आणि मापाचा आकडा एकाने कमी करत होती.

“काय करतेस गं?” मी विचारलं.

“यादी सरासरी धरते,” ती म्हणाली. “त्याचे पाय वयाच्या मानाने लहानच होते. माझ्या वडिलांवर गेला होता.”

ही बाई नोंद काढायची विसरली नव्हती. ती तिथे मुलगा वाढवत होती.

“आणि त्याचे बाबा? त्यांनाही जातात ना मेसेज?”

“जातात. हे काही बोलत नाहीत. मीही विचारत नाही.” नवरा तिचा कारखान्यात लेथ मशीनवर काम करतो, तसाही मोजून बोलणारा माणूस. पण मुलगा गेल्यापासून त्या घरात भोवऱ्याचं नाव एकदाही निघालं नव्हतं. “मला वाटतं,” ताई म्हणाली, “न वाचताच पुसून टाकत असतील. बरंच आहे.” ते बरं आहे असं तिला वाटत नव्हतं, हे मलाही दिसत होतं.

अशी वर्षं गेली. यादी सुरू झाली तेव्हाची मुलं तेरा-तेरा वर्षांची व्हायला आली आणि आमचं सगळ्यात मोठं माप त्यांना पुरेना. यादी बिचारी माप वाढवतच होती. एका आईने लिहिलं, ‘माझा मुलगा आता वडिलांचे बूट ढापतो, तुम्ही कसली मापं घेताय?’ मालकांनी ते वाचून कपाळाला हात लावला आणि वर आले.

“ताई, एक निरोपाचा साचा करा. मुलगा मोठा झाला, आमचे बूट संपले, आभार. निरोप गेला की नोंद बंद. यादी आपोआप करेल.”

“करते,” ताई म्हणाली.

सकाळी सांगितलेलं काम दुपारच्या आत हातावेगळं करणारी ही बाई. पण निरोपाच्या साच्याची तिने अशी काही चालढकल लावली की मालकही चकित झाले. आज काय तर तक्रारी फार, उद्या काय तर नवीन माल. ते विचारायचे, ती ‘करते’ म्हणायची. मला कारण माहीत होतं. यादीतली सगळ्यात जुनी नोंद भोवऱ्याची. साचा तपासायचा तर त्याच्यावर, आणि तपासला की तो यादीतून उतरणार. मग चार महिन्यांनी फोन वाजणार नाही. पुन्हा कधीच नाही.

यादीवाला आमच्याकडे तसा नवा. केस पांढरे झालेले, कामाला वाघ, पण या खोलीतलं जुनं काही त्याला कुणी सांगितलं नव्हतं. एका दुपारी तो पडद्यावरून नजर न काढता म्हणाला, “हा भोवरा कोण आहे हो? इतकी वर्षं यादीत, एक जोड घेतला नाही. आणि मेसेज बघा, एकूणएक उघडलेत. दोन्ही नंबरांवर.”

मी त्याला डोळ्यांनी दटावत होते, पण त्याचं लक्ष कुठे?

“दोन्ही?” ताईने विचारलं.

“हो ना. वडिलांच्या नंबरवर तर काही काही मेसेज पुन्हा पुन्हा उघडलेत. जुनेसुद्धा. असं गिऱ्हाईक मी आजवर पाहिलं नाही. एवढं वाचतात तर दुकानात का येत नाहीत?”

ताई उठली आणि खोक्यांच्या रांगेमागे गेली. मी यादीवाल्याला काय ते सांगितलं. अगदी हळू आवाजात सांगितलं, पण त्याचं तोंड पांढरंफटक पडलं. तो उठून तिच्यामागे जायला निघाला, मी त्याला बसवलं. माझेही डोळे भरून आले होते आणि मला ते त्याला दाखवायचं नव्हतं.

बऱ्याच वेळाने ती आली, नाक लाल. मी म्हटलं, “साचा मी करते. तू यात पडू नकोस.” आणि केलाही. जन्मात दोन ओळी धड न लिहिलेली मी, एआयसमोर बसले. त्याने लिहिलं, ‘पंख फुटले, आता आकाश तुमचं!’ ताईने ते वाचलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली. “बुटांच्या दुकानाने पंखांबद्दल बोलू नये,” म्हणाली, आणि माझं लिखाण पुसून टाकलं.

“मग असं कर,” मी म्हटलं. “दुसरा खोटा ग्राहक बनव. माझ्या भाचीचं नाव घाल. तपास तिच्यावर. भोवऱ्याचं वय यादीत अडवून ठेवू, तेराचा झाला तरी बाराचाच राहू दे. चार महिन्यांनी मेसेज येत राहील. कुणाचं काय जातंय? यादीवाला आता काही बोलायचा नाही.”

यादीवाल्याने मान हलवली. मला वाटलं, झालं, सुटला प्रश्न.

ताईने पडद्यावरची भोवऱ्याची ओळ बघितली. मग म्हणाली, “सहाचा होता तेव्हा एकदा अडला तो. माझ्या हातात नव्हतं. आता माझ्या हातात आहे, तर मीच अडवू? नाही गं.”

मग तिने खुर्ची पुढे ओढली आणि साचा लिहायला घेतला. मी माझं काम सोडून बघत राहिले. ‘तू मुलं वाढवलेली बाई आहेस’ हे तिने नेहमीप्रमाणे लिहिलं. थोडं थांबली, पण ठेवलं. पुढे लिहिलं: ‘मुलगा आता आपल्याकडे येणार नाही. दुःख करू नकोस आणि गोडगोडही बोलू नकोस. त्याला इथपर्यंत आणण्याचं श्रेय आई-वडिलांना दे, बुटांना नको. त्यांना परत बोलवू नकोस.’ नावाची जागा रिकामी, वयाची रिकामी. मग यादीतून भोवरा निवडला आणि बटण दाबलं.

फोन वाजला. नियम तिनेच केलेला होता. तिने फोन उचलला आणि मोठ्याने वाचायला लागली.

“भोवऱ्याचं पाऊल आता आमच्या सगळ्यात मोठ्या बुटात मावत नाही. इथवर त्याला तुम्ही चालवत आणलंत, आम्ही नुसते बूट दिले...” तिने फोन माझ्यापुढे केला. “शेवटचं तू वाच.”

मी वाचलं. “यापुढे आमचा मेसेज येणार नाही, त्याला आता मोठ्यांच्या दुकानात घेऊन जा.”

“नाव एकदाच आलंय ना?” तिने विचारलं.

“एकदाच.”

“मग बरोबर आहे.”

पडद्यावर यादीतली पहिली ओळ करडी झाली आणि खाली सरकली. यादीवाला खिडकीकडे तोंड करून उभा होता. तेवढ्यात माझ्या हातातला फोन वाजला. ताईच्या नवऱ्याचा होता. मी घाईघाईत तिला देताना कुठेतरी बोट लागलं आणि त्याचा आवाज सगळ्या खोलीत आला. मागे लेथची घरघर.

“आला मला,” तो म्हणाला. “आत्ताच.”

“हो. मीच लिहिलाय. शेवटचा आहे.”

“वाचलं.” मग नुसती घरघर ऐकू येत राहिली. ती थांबली, त्याने मशीन बंद केलं असावं. “सगळे वाचले मी. तुला सांगितलं नाही कधी.”

“आज कळलं मला.”

“तेराचा झाला म्हणजे.”

“हो.”

“त्यात लिहिलंय मोठ्यांच्या दुकानात न्या म्हणून.” लहान मुलाने विचारावं तसं त्याने विचारलं, “कुठल्या दुकानात न्यायचं गं त्याला?”

ताईने तोंडावर हात दाबून धरला. मग हात काढला आणि इतकी वर्षं त्या घरात न झालेलं बोलणं तिने आमच्या देखत केलं. “तुम्ही घरी या,” ती म्हणाली. “मीही निघते. आज आपण त्याच्याबद्दल बोलू.”

ती गेली. साचा पेटीत टाकायचा राहिला होता, तो मी टाकला. मालकांनी विचारलं तेव्हा सांगितलं, तपासून झालाय, पाठवा.